फटाक्यावर पहारा, घटकद्रव्यांना मोकळी वाट

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी फटाक्यांसंबंधी जो आदेश दिला, त्याची आठवण बहुतेकांना दिवाळीच्या रात्रीचे आठ ते दहा एवढ्यापुरतीच आहे. त्याच आदेशात आणखी एक महत्त्वाचा भाग होता. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कोणत्याही कंपनीने फटाक्यांची मागणी स्वीकारू नये, स्वीकारल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल, असे त्यात बजावण्यात आले होते. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी बसून फटाक्यांची एक पेटी संगणकावरून वा मोबाइलवरून मागवणे कायद्याच्या विरुद्ध आहे. परंतु ज्या द्रव्यांपासून फटाका तयार होतो, ती मात्र व्यापारी संकेतस्थळांवर नाव, भाव आणि शुद्धतेच्या टक्केवारीसह मांडलेली दिसतात. त्यांतील बहुतेकांसाठी मागणी करणाऱ्याला परवाना विचारला जात नाही.

ही विसंगती कागदावरची राहिली असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. ऑक्टोबर २०२५ मधील दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा आणि आसपासच्या भागांत शंभराहून अधिक मुले डोळ्यांच्या गंभीर इजा घेऊन रुग्णालयांत दाखल झाली. त्यांतील काहींची दृष्टी गेली. कारण ठरली ती 'कार्बाइड गन' नावाने रस्त्यावर दीड-दोनशे रुपयांना विकली गेलेली प्लास्टिकच्या नळीची बंदूक. हे खेळणे मुळात शेतातील माकडे व पाखरे हुसकावण्याचे साधन म्हणून पसरले आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे मुलांच्या हाती गेले. त्यात वापरले जाणारे कॅल्शियम कार्बाइड बेवारशी द्रव्य नव्हे. त्याच्यासाठी १९८७ चे स्वतंत्र नियम आहेत आणि फळे पिकवण्यासाठी ते वापरण्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या विनियमांनी मनाई केली आहे. तरीही ते आंब्याच्या अढीत सापडते आणि आता मुलांच्या हातातही सापडले. दिवाळीच्या तोंडावर राज्य सरकारने या बंदुकांच्या विक्रीविरुद्ध आदेश काढला होता. बाजारात माल आधीच पोहोचला होता.

आपल्याकडे दारूकामाची हौस नवी नाही. प्राच्यविद्येचे व्यासंगी अभ्यासक प. कृ. गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यांच्या पुराव्यांत संत एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चाही समावेश होता. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात लग्नसोहळ्याच्या वर्णनात दारूकाम आणले, याचा अर्थ गोदाकाठच्या श्रोत्यांना ते परिचयाचे असले पाहिजे. पाथरीही याच गोदावरीच्या खोऱ्यातले गाव. वराती, ऊरूस, जत्रा, गणपती, निवडणुकीचे निकाल अशा प्रत्येक प्रसंगी येथे 'दारू उडते'. मराठवाड्यातच धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे फटाका व्यवसायाचे गाव म्हणून ओळखले जाते. त्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते मात्र बहुधा स्फोटाच्या बातमीतून.

खऱ्या अर्थाने हौशी दारूकामाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री श्री सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यासमोर रात्रभर आतषबाजी चालते. ही आतषबाजी बाहेरून आणलेल्या ठेकेदाराची नसते. गावातली मंडळे आणि घराणी ती स्वतः तयार करतात. 'औट' हा तेथील खास प्रकार. दसऱ्याच्या आधी कित्येक दिवस तयारी चालते. कोणाचा औट अधिक उंच, कोणाचा रंग अधिक स्वच्छ, यावर वर्षभर चर्चा होते. पाश्चात्त्य देशांत ज्याला छंद म्हणून मंडळे, नियतकालिके आणि वार्षिक मेळावे लाभले, तोच हा छंद येथे देवाच्या नावाने जगला आहे. त्याची किंमतही गावाने मोजली आहे. मे २०१५ मध्ये कवठे एकंद येथील फटाका कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेक कामगारांचा बळी गेला.

अशा गावाने, किंवा पाथरीतल्या एखाद्या जिज्ञासू तरुणाने, कायद्याच्या चौकटीत राहून दारूकाम करायचे ठरवले तर काय करावे लागेल? १८८४ चा स्फोटके कायदा आणि त्याखालील २००८ चे नियम यांनी निर्मितीचे परवाने टप्प्यांत वाटले आहेत. एका वेळी १५ किलोपर्यंत शोभेची दारू तयार करण्याचा परवाना जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने देऊ शकतात. त्यापुढचे अधिकार पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे 'पेसो'कडे जातात. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. (कमी प्रदूषणाच्या 'हरित' फटाक्यांचे तंत्र विकसित करणारी 'नीरी' ही संस्थाही नागपूरचीच.) १५ किलोचा हा परवाना कागदावर लहान माणसासाठी आहे. प्रत्यक्षात त्याच्या अटी कारखान्याच्या आहेत. वस्तीपासून राखायचे अंतर, स्वतंत्र शेड, साठ्याची जागा, पोलिसांचा अहवाल, निरनिराळ्या खात्यांची ना-हरकत, या साऱ्या गोष्टी वर्षातून एका रात्रीसाठी दारूकाम करणाऱ्या मंडळाला झेपण्यासारख्या नाहीत. या अटी अनाठायी आहेत असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यामागे मृत्यूंचा दीर्घ इतिहास आहे. पण हौशी माणसासाठी या कायद्यात वेगळी खोलीच नसल्यामुळे त्याच्यापुढे दोन पर्याय उरतात. एक, छंद सोडून देणे. दुसरा, गुपचूप करणे. पकडला गेला तर निर्मितीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, आणि बाळगण्यासाठी वा विक्रीसाठी दोन वर्षे किंवा तीन हजार रुपये, अशी कलम ९-ब ची तरतूद आहे. स्फोटात कोणी दगावला वा घातपाताचा संशय आला, तर १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा येतो आणि मग प्रकरण वेगळेच वळण घेते.

निर्मितीवर एवढा पहारा असताना कच्च्या मालाची स्थिती काय आहे? येथे द्रव्याद्रव्यांत भेद करावा लागेल. अमोनियम नायट्रेटवर नियंत्रण आहे. देशातील बॉम्बस्फोटांच्या मालिकेनंतर, विशेषतः जुलै २०११ मधील मुंबईच्या स्फोटांनंतर, सरकार जागे झाले आणि २०१२ मध्ये स्वतंत्र नियम आले. निर्मिती, साठा, वाहतूक, विक्री या सर्वांना परवाना लागू झाला. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूत बंदरात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटने निम्मे शहर हादरवल्यावर भारताने २०२१ मध्ये हे नियम आणखी कडक केले. दुसरी स्पष्ट बंदी आहे ती गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणावर. केंद्र सरकारने २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने असे मिश्रण असलेल्या स्फोटकाची निर्मिती, बाळगणे आणि आयात यांना मनाई केली. आगपेटीच्या काडीचे डोके आणि टिकल्यांसारखे किरकोळ अपवाद ठेवले. हे मिश्रण घर्षणाने वा साध्या धक्क्यानेही पेट घेते, हे त्याचे कारण. तरीही गावोगावी मुलांच्या खेळात आणि पाखरे राखण्याच्या उद्योगात 'गंधक-पोटॅश' हा शब्द सहज कानी पडतो. त्यातला 'पोटॅश' म्हणजे खताचा पोटॅश नव्हे. एकाच नावाखाली तीन-चार भिन्न रसायने बाजारात फिरतात आणि विकणाऱ्याला व घेणाऱ्याला त्यांतला फरक ठाऊक असतोच असे नाही.

या दोन अपवादांपलीकडे विस्तीर्ण मोकळे रान आहे. सोरा, गंधक, ॲल्युमिनियमची भुकटी, रंग देणारे धातूंचे क्षार ही द्रव्ये स्वतंत्रपणे स्फोटक या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून स्फोटके कायदा त्यांच्याकडे पाहत नाही. आणि त्यांचे वैध उपयोग इतके आहेत की सरसकट बंदी घालणे वेडेपणाचे ठरेल. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि १३:००:४५ या आकड्यांनी ओळखले जाणारे हेच विद्राव्य खत पाथरी, मानवत, सेलूच्या कृषी सेवा केंद्रांत कपाशीच्या फवारणीसाठी मिळते. गंधक बुरशीनाशक म्हणून लागते, सोयाबीनला खत म्हणून लागते. ॲल्युमिनियमची भुकटी रंग व्यवसायात लागते. शेतकऱ्याची अडवणूक करून फटाक्याचा प्रश्न सुटणार नाही. तथापि, येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. अनुदानाच्या युरियाची गोणी घेताना शेतकऱ्याला यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो. विनाअनुदानित विद्राव्य खतांना हे लागू नाही. सरकारचे लक्ष अनुदान कोठे गेले याकडे आहे, द्रव्य कोठे गेले याकडे नाही.

कच्च्या मालाचा माग न ठेवल्याने काय होते, याचा अनुभव खुद्द सर्वोच्च न्यायालयाला आला. २०१८ च्या आदेशाने फटाक्यांत बेरियमच्या क्षारांचा वापर बंद केला. पुढे या आदेशाचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे चौकशी सोपवली गेली. तपासात कारखान्यांनी बेरियमची द्रव्ये मोठ्या प्रमाणात खरेदी केल्याचे आणि ती तयार मालात वापरल्याचे आढळले, असे न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये नमूद केले. म्हणजे ज्या द्रव्याच्या वापराला बंदी, त्याच्या खरेदीची नोंद मात्र बंदीनंतर तीन वर्षांनी चौकशी यंत्रणेला शोधून काढावी लागली. पेसोचे परवाने असलेल्या, पत्ता ठाऊक असलेल्या कारखान्यांची ही कथा. ज्याचा पत्ताच कोणाकडे नाही, त्या खरेदीदाराविषयी काय बोलावे?

आता वाहतुकीकडे वळू. कायद्यांची वाण येथेही नाही. टपालातून स्फोटक वा धोकादायक वस्तू पाठवण्यास १८९८ च्या कायद्यानेच मनाई केली होती. त्याची जागा जून २०२४ पासून २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने घेतली असली, तरी मनाई कायम आहे. रेल्वेने असा माल बेकायदा नेल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दंडाची मर्यादा मात्र एक हजार रुपये. विमानाने नेण्यासाठी २००३ चे नियम आहेत. रस्त्याने नेताना केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीवर धोक्याचे चिन्ह, चालकाला प्रशिक्षण आणि आपत्कालीन सूचनांचे कार्ड लागते. या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच आहे, तो म्हणजे पाठवणाऱ्याने मालाचे खरे नाव सांगणे. टँकरच्या बाबतीत हा पाया बऱ्यापैकी टिकतो. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या दोन किलोच्या पाकिटाच्या बाबतीत तो टिकत नाही. 'प्रयोगशाळेचे साहित्य' किंवा 'खत' असे लिहिलेले पाकीट मुंबई-पुण्याकडून निघते, गोदामांत इतर सामानाखाली दबते, खासगी बसच्या टपावर वा डिकीत चढते आणि कल्याण-निर्मल महामार्गाने पाथरीला उतरते. त्यावर ऑक्सिडीकारक वर्गाचा पिवळा चौकोन नसतो. हमालाला ते उन्हात ठेवू नये, दुसऱ्या पाकिटापासून दूर ठेवावे, हे कळण्याचा मार्ग नसतो. बसमधल्या प्रवाशांना तर आपल्या पायाखाली काय चालले आहे, याची कल्पनाही नसते.

सुरक्षा यंत्रणांना हा रस्ता अपरिचित नाही. पुलवामाच्या २०१९ च्या हल्ल्याच्या तपासात स्फोटकासाठीची काही रसायने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून मागवली गेल्याचे राष्ट्रीय तपास संस्थेने मार्च २०२० मध्ये सांगितले. त्यानंतर चर्चा झाली ती दहशतवादाच्या अंगाने, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्या चर्चेत एक गोष्ट हरवली. घरगुती रसायनांच्या अपघातात दहशतवाद्यांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने मुले, हौशी तरुण आणि विनापरवाना शेडमधले मजूर सापडतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्याला आग लागली. सहा जण जागीच गेले, आणि पुढील दिवसांत रुग्णालयात हा आकडा वाढत गेला. मृतांत प्रामुख्याने रोजंदारीवर आलेल्या महिला होत्या. त्याआधी त्याच वर्षी पहिल्या जानेवारीला बार्शी तालुक्यात फटाका कारखान्याच्या स्फोटातही महिला कामगारच मृत्युमुखी पडल्या. केकवरची मेणबत्ती फटाक्यात मोडते की नाही, असा प्रश्न तळवड्यापूर्वी किती ग्राहकांच्या मनात आला असेल? शेडमध्ये दारूची भुकटी कोठून आणि कशी आली, याचा माग मात्र प्रत्येक वेळी अपघातानंतरच सुरू होतो.

इतर देशांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी शोधली. अमेरिकेत हौशी दारूकाम हा मान्यताप्राप्त छंद आहे. तेथील हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना १९६९ पासून चालते. स्वतःच्या वापरासाठी, व्यवसाय न करता दारूकाम तयार करणाऱ्याला संघराज्याचा निर्मिती परवाना लागत नाही, पण साठवणूक आणि वाहतूक यांचे नियम त्याला सुटत नाहीत. शिवाय तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने रसायने विकणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. बेकायदा मोठे फटाके घरी बनवण्यास उपयोगी पडतील अशी द्रव्ये परवाना नसलेल्यांना किती विकावीत, यावर न्यायालयामार्फत मर्यादा घालून घेतल्या. छंदवाल्यांनी आरडाओरडा केला आणि त्यांच्या तक्रारीत काही तथ्यही होते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये विनियम केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू झाला. त्यात स्फोटकांची 'पूर्वद्रव्ये' अशी स्वतंत्र यादी आहे. काही द्रव्ये ठरावीक तीव्रतेच्या वर सामान्य नागरिकाला विकताच येत नाहीत. सदस्य देशांना हवे तर परवान्याची सोय करता येते. संशयास्पद खरेदीची वर्दी चोवीस तासांत द्यावी लागते, आणि हे बंधन ऑनलाइन बाजारपेठांनाही आहे. आपल्या दृष्टीने शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतो. संकेतस्थळ तो पाहत नाही, पण त्याच्या हाती खरेदीचा संपूर्ण इतिहास असतो. कोणत्या खात्याने एकाच आठवड्यात कोणती चार द्रव्ये मागवली हे त्याला क्षणात कळू शकते. जाहिराती दाखवण्यासाठी ही माहिती वापरली जातेच.

युरोपची नक्कल करण्याचीही गरज नाही, कारण आपल्याकडे घरचा नमुना आहे. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये किरकोळ विक्रीसाठी नोंदवही, खरेदीदाराचे ओळखपत्र, खरेदीचे कारण आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्रीबंदी अशी व्यवस्था घालून दिली. तिची अंमलबजावणी आदर्श नाही, हे कबूल. तरीही चौकशी करणाऱ्या पोलिसाला नोंदवही मागण्याचा अधिकार तीमुळे मिळाला आणि ती नसल्यास कारवाईचा आधारही मिळाला. फटाक्याच्या घटकद्रव्यांपैकी ज्यांना शेतीत स्थान नाही, त्यांच्या किरकोळ आणि ऑनलाइन विक्रीला हेच लागू करता येईल. परक्लोरेट, बारीक धातुभुकटी, रंगाचे क्षार एवढी छोटी यादी सुरुवातीला पुरेशी आहे. शेतीची द्रव्ये बाहेर ठेवली तर कृषी सेवा केंद्रांवर भार पडणार नाही, आणि कपाशीवर फवारणी करणाऱ्याला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागणार नाही.

त्याच वेळी कवठे एकंदसारख्या गावांसाठी मोसमी परवान्याची सोय हवी. दसऱ्यापूर्वी ठरावीक आठवड्यांपुरता, मंडळाच्या नावाने, गावाबाहेरच्या एका तपासलेल्या जागेसाठी आणि प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींच्या नावांसह जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना दिला, तर द्रव्यांची खरेदीही त्या परवान्यावर दाखवता येईल. दिवाळीच्या तात्पुरत्या दुकानांना असे मुदतीचे परवाने दरवर्षी दिले जातात. विक्रीला जे जमते ते निर्मितीला जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. मात्र तपासणी दुकानापेक्षा कितीतरी कठोर असावी लागेल. यावर आक्षेप असा येईल की परवाना दिल्याने हौस वाढेल आणि अपघातही. हा आक्षेप हलका नाही. पण हौस आजही आहे. फरक इतकाच की आज ती राहत्या घरात, मुलाबाळांच्या शेजारी चालते.

तालुक्याच्या पातळीवर आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बेकायदा साठा पकडल्यावर तो ठेवायचा कोठे? नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरजवळील नौगाम पोलीस ठाण्यात जप्त स्फोटक साहित्याचे नमुने घेताना स्फोट झाला आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. तेथे तज्ज्ञ हजर होते. छोट्या पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत दारूच्या बाटल्या, जुन्या मोटारसायकली आणि पंचनाम्याच्या गठ्ठ्यांशेजारी पन्नास किलो अनोळखी भुकटी येऊन पडली, तर ती काय आहे हे सांगणारा माणूसही जवळपास नसतो. परवान्याचा अधिकार सुमारे ४५ किलोमीटरवर परभणीला, तज्ज्ञ त्याहून कितीतरी दूर. जप्तीनंतर किती तासांत साठा हलवायचा, कोणी हलवायचा आणि तोवर तो कोठे ठेवायचा, याचा लेखी क्रम प्रत्येक ठाण्यात लावलेला असणे एवढी साधी गोष्ट जिल्हा प्रशासन नवा कायदा न करता करू शकते.

केंद्र सरकारने १८८४ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०२४ मध्ये मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. त्यात दंडाच्या रकमा बऱ्याच वाढवण्याचा प्रस्ताव आहे. पाच हजारांच्या दंडाने आज कोणाला धाक वाटत नाही, तेव्हा ती वाढ योग्यच. परंतु दंड वसूल होतो तो स्फोटानंतर किंवा जप्तीनंतर. पाकीट मुंबईतून निघण्यापूर्वी ते कोणाला, कशासाठी आणि किती विकले, हे लिहून घेण्याची जबाबदारी कोणावर टाकायची, याचे उत्तर दंडाच्या आकड्यात मिळणार नाही. मसुद्यावर मते देणाऱ्या फटाका उत्पादक संघटना, रसायन व्यापारी आणि ऑनलाइन बाजारपेठा यांना दिल्लीत आपली माणसे आहेत. कवठे एकंदच्या मंडळांना आणि तळवड्यात कामाला गेलेल्या बायकांना ती नाहीत.